एकही कौल न फोडता बसवलेली चूल

बिनधुराच्या चुली बसवणाऱ्या ठेकेदाराने आमच्या गावाला फसवलं. न पाहता ‘पाहिलं’ असं लिहिणाऱ्या साहेबाने सरकारला फसवलं. आणि मी माझ्या मुलीला फसवलं, स्वतःच्या हुशारीच्या भरात. तिघांपैकी जाब आजवर मी एकटीने दिला आहे. त्या दोघांना कुणी काही विचारलेलंच नाही, म्हणून लिहायला बसले. दुसरं कारण असं, की ज्या घरात लेकरू सारखं खोकतं आणि चूल धूर देत नाही म्हणून आई निश्चिंत असते, त्या घरातल्या आईने हे वाचावं.

“अस्थमा,” निर्मल शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लहान मुलांच्या डॉक्टर. त्या तेलुगू, मी मराठी, आमचं बोलणं हिंदीत चालायचं. इथे ते मराठीत लिहिते.

त्यांनी कागदावर एक झाड काढलं, फांद्या खाली असलेलं. म्हणाल्या, छातीत हवेच्या अशा नळ्या असतात. अस्थमा म्हणजे दम्यात त्या आतून सुजतात, आवळतात, त्यात चिकट कफ धरतो. हवा आत जाते, पण बाहेर पडायला तिला वाट मिळत नाही. म्हणून श्वास सोडताना शिट्टी वाजते. त्या शिट्टीला व्हीझिंग म्हणतात.

त्यांच्या टेबलावर निर्मलची रंगवलेली लाकडी फळं होती, परडीत सात. त्यांनी सुजाताला सांगितलं, “एका श्वासात सगळ्यांची नावं घे.” सुजाता म्हणाली, आंबा, केळ. मग थांबून तिने श्वास घेतला. तेव्हा ती सात वर्षांची होती.

मी म्हटलं, “दमा म्हाताऱ्यांना होतो. आमच्या घरात कुणाला नाही. दोन महिन्यांत बरं होईल असं काही द्या.”

“हा बाजार नाही,” बाई म्हणाल्या. “इथे भाव करू नका.”

मला राग आला. मी भाव करूनच इथवर आले होते.

माझं गाव तेलुगू राज्यात, बाजारहत्नूर मंडळात; मंडळ म्हणजे तालुक्यासारखं. आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबले. लग्नानंतर मी डोक्यावर टोपलं घेऊन सुकी मिरची विकायला निघाले, आणि आता चार आठवडी बाजारांत माझी जागा ठरलेली आहे. पोत्याच्या तोंडाशी चांगली मिरची आणि तळाशी दमट, हा खेळ माझ्याशी कुणी खेळू शकत नाही. मी कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढते. नवरा शाळेत शिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही मास्तरच म्हणते. सुजाता आमची एकुलती एक.

तिचा खोकला दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सुरू झाला होता. गावातला सुई देणारा म्हणायचा, छातीत सर्दी धरली आहे. तो सुई टोचायचा, ती चार दिवस बरी असायची, परत खोकायची. दोन वर्षं असं चाललं. आज लिहिताना मला त्याच्यापेक्षा माझा जास्त राग येतो. चौथ्या पोत्यालाही माल तसाच निघाला असता तर मी तो विकणारा गावाच्या वेशीबाहेर काढला असता. सुईवाल्याला मात्र मी चहा पाजत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी इन्हेलर दिला. तोंडात धरून दाबायचा औषधाचा लहान पंप. लहान मुलाला दाबणं आणि श्वास ओढणं एकत्र जमत नाही, म्हणून मध्ये एक पोकळ नळकांडं लावायचं, त्याला स्पेसर म्हणतात. औषध आधी नळकांड्यात थांबतं, मग मूल सावकाश ओढून घेतं. गावात बायका म्हणाल्या, पंपाची सवय लागते, पोरगी कायमची पंपावर जाईल. मी बाईंना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, “सवय श्वासाची आहे. ती जन्मापासूनच लागलेली आहे.”

मग त्यांनी सांगितलं, घरातली हवा साफ करा. उदबत्ती बंद, मच्छर-अगरबत्ती बंद, गोधड्या उन्हात टाका, ओल्या फडक्याने पुसा. “घरात मिरची ठेवता?” माझ्या लुगड्याचा वास त्यांना आलाच असणार. मी हो म्हटलं. सुजाता निजायची त्या खोलीत भिंतीला लावून पोती रचलेली असायची, आणि देठ खुडायचं कामही तिथेच चालायचं.

“ती आधी बाहेर काढा.”

मी काढली. अंगणात पत्र्याची खोली उभी केली. तो उन्हाळा सुजाता बरी राहिली. इन्हेलर दिवसातून दोनदा, शिट्टी जवळजवळ बंद. मी बाजारात सगळ्यांना सांगत फिरले, मिरची होती कारण, मी काढून टाकली. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. उन्हाळ्यात आम्ही स्वयंपाक अंगणात करतो.

पाऊस लागला. चूल परत आत पेटली.

पंधरा दिवसांनी, सकाळी, मी भाकरी थापत होते. बाजाराचा दिवस, मला घाई. सुजाता दाराशी येऊन उभी राहिली. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले, प्रत्येक श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मी विचारलं, काय झालं. ती बोलली नाही. नंतर कळलं, तिला बोलता येत नव्हतं. ओठ जांभळट दिसत होते. मी पंप दिला, परत दिला. फरक पडेना. मास्तरांनी तिला उचललं. इचोड्यापर्यंत जीप, तिथून निर्मलला बस. बसमध्ये बायका आपापली लेकरं जवळ ओढून घेत होत्या. खोकला उडून लागेल अशी भीती. मी एकीला म्हटलं, “हा चिकटणारा रोग नाही, बाई. सरक, हवा येऊ दे.” ती सरकली. मी बोलले की लोक सरकतात.

हे वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: मुलाला वाक्य पुरं करता येत नसेल, फासळ्या ओढल्या जात असतील, ओठांचा रंग बदलला असेल, तर आवराआवर करत बसू नये. निघावं.

दवाखान्यात तिला नेब्युलायझर लावला. हे यंत्र औषधाचा वाफेसारखा धुकट फवारा करतं आणि मूल तो तोंडावरच्या मुखवट्यातून ओढतं. पहिला दिवस थोड्या थोड्या वेळाने लावत होते. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन, म्हणजे प्राणवायू किती आहे ते पाहत होते. मी बाकावर बसून त्या यंत्राची घरघर ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायली. तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली, आणि मी पहिल्यांदा रडले.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाई बाकाशेजारी येऊन बसल्या. औषधाच्या चिठ्ठीची पाठ माझ्यासमोर धरली. “घराचा नकाशा काढा.”

मी दोन चौकोन काढले. स्वयंपाकघर, आणि लगतची सुजाताची खोली.

“चूल कुठे?”

“इथे. पण ती बिनधुराची आहे. सरकारी.”

“धूर कुठून जातो?”

“पाइपातून. वर.”

“वर म्हणजे कुठे?”

“वर, छपरातून बाहेर.”

“तुम्ही पाहिलंय?”

मी चिडले. म्हटलं, “दोन वर्षं झाली, माझ्या डोळ्यांत स्वयंपाक करताना पाण्याचा थेंब आला नाही.”

“तुमच्या डोळ्यांचं मी विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “धूर कुठे जातो ते विचारते.”

घरी परतताना बसमध्ये मला ठेकेदाराशी झालेला सौदा आठवू लागला.

सुजाता पाच वर्षांची होती तो उन्हाळा. सरकारची योजना आली. मातीची बंद चूल, तिला पाइप, पाइप छपराच्या वर दोन हात काढून त्यावर टोपी. चूल फुकट. पण गावात कुणी ठेकेदाराला दार उघडेना, कारण पाइप काढायला कौलं फोडावी लागणार. आमच्याकडे कौलाला फार जपतात. एक हललं की शेजारची चार हलतात, आणि पावसाळाभर त्याच जागी गळतं. ठेकेदार माझ्याकडे आला. म्हणाला, “अक्का, बायका तुमचं ऐकतात. सह्या मिळवून द्या.”

मी म्हटलं, “माझ्या दोन अटी आहेत. एक, माझ्या घरी दोन चुली पाहिजेत. एक स्वयंपाकाला, एक पडवीत पाणी तापवायला. दुसरी, कुणाच्याही घराचं एकही कौल फुटता कामा नये.”

तो कुरकुरला. नियम नाही, पाइप मोजून मिळतो, असं बरंच बोलला. मी उठून आत निघाले. बाजारात मी असंच करते, उठून निघते. त्याने हाक मारली. “ठीक आहे, अक्का. दोन चुली. कौलाला हात लावत नाही.”

मी जिंकले. घरोघर फिरून सह्या आणि अंगठे घेतले. आमच्या गल्लीतल्या गंगूबाईला तर मी स्वतः म्हटलं, “कर सही. कौल फुटलं तर माह्या घरचं काढून लावतो तुह्या घरावर.” दोन दिवसांत चुली बसल्या. पाइप स्वयंपाकघराच्या माळ्यातून वर गेलेला दिसत होता. माळा म्हणजे बांबूवर तट्ट्या टाकून केलेला. धूर डोळ्यांना लागेनासा झाला. कौल एकही फुटलं नाही.

बसमध्ये, घाटात, मला हे कळलं. कौल फुटलंच नाही, तर पाइप बाहेर निघाला कुठून? मिरचीच्या पोत्याचा तळ काढून पाहणारी मी. दोन वर्षांत एकदाही अंगणात उभं राहून स्वतःच्या छपराकडे मान वर केली नव्हती.

बस थांबली, घरी आले, लुगडं खोचलं आणि शिडी लावून माळ्यावर चढले.

पाइप कौलांच्या खाली वीतभर अंतरावर संपला होता. वर टोपी नव्हती, भोक नव्हतं, काही नव्हतं. त्याच्या तोंडावरची कौलं डांबर फासल्यासारखी काळी. वाशांवरून काजळीच्या झिरमिळ्या लोंबत होत्या. आमच्या घरांत दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत जात नाही, वर हातभर मोकळं असतं. धूर तिथून पलीकडे उतरत होता. मी भिंतीवरून वाकून खाली पाहिलं. नेमकं खाली सुजाताचं अंथरूण होतं.

ठेकेदाराने हिशेब साधा केला होता. कौल फोडायचं नाही म्हटल्यावर वरचा पाइप लागतच नव्हता. तो कापून त्याचीच दुसरी चूल त्याने मला दिली. माझ्याच पाइपाचा तुकडा मला जिंकल्यासारखा वाटला. पूर्वी धूर स्वयंपाकघरात असायचा, तेव्हा मी तो डोळ्यांनी सोसत होते आणि दार उघडत होते. चूल बदलल्यावर तो माझ्या डोळ्यांतून निघून पोरीच्या छातीत गेला.

सुजाता खाली शिडी धरून उभी होती. म्हणाली, “आई, वरतं काळं हाये ना?”

“तुले कसं माहीत?”

“माह्या अंथरुणावर पडते. म्या सांगतलं होतं तुले.”

तिने सांगितलं होतं. मला आठवलं. उशीवर काळं पडतं, वहीवर काळं पडतं. मी म्हटलं होतं, उंदीर असतील. शाळेतून तिची वही घाण आहे म्हणून तक्रार आली तेव्हा मी तिला मारलं होतं. वहीच्या पानांवर बोटांचे काळे ठसे होते. ती झटकत असणार आणि ते आणखी पसरत असणार. मारताना मी म्हणाले होते, मी बाजारात मरून राह्यली तुह्यासाठी आणि तुले एक वही साफ ठेवता येत नाही.

ते वाक्य परत घेता येत नाही.

त्या दिवशी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात जाऊन पाइप घेतला. दुकानदाराने भाव सांगितला, मी तोच दिला. तो चमकून म्हणाला, “तब्येत बरी हाये ना, कुसुमबाई?” गवंडी बोलावला, कौलं काढली, पाइप छपराच्या वर दोन हात नेला, टोपी बसवली. पडवीतली दुसरी चूल मी लोखंडी सब्बलीने स्वतः फोडली. पावसात पाइपाच्या बुडाशी ठिबकतं. खाली तपेलं ठेवते. ठिबकू दे.

मग तीच शिडी घेऊन मी त्याच घरांत फिरले जिथे सह्या मागत फिरले होते. बहुतेक घरांत पाइप कौलांखाली थांबलेला. गंगूबाईने मला माळ्यावर चढताना पाहिलं आणि खालून म्हणाली, “सही घ्याले आली होती तवा शिडी काऊन नाही आणली व?”

तिच्याही माळ्यावर पाइप कौलांखालीच संपला होता. तिचा नातू खाली खोकत होता.

मास्तर आणि मी मंडळ कचेरीत गेलो. मास्तरांना तेलुगू वाचता येतं. कारकुनाने रजिस्टर काढलं. आमच्या गावाच्या पानावर प्रत्येक नावापुढे तेच लिहिलेलं: काम पूर्ण, पाइप छपराबाहेर, प्रत्यक्ष पाहणी केली, लाभार्थी समाधानी. लाभार्थी म्हणजे मी. खाली साहेबाची सही. आणि माझ्या दोन सह्या, दोन वेगळ्या ओळींत, मराठीत, ठसठशीत. ज्या तेलुगू कागदावर मी सही केली त्यात काय आहे ते मी मास्तरांनाही विचारलं नव्हतं. घाई होती, सौदा जिंकला होता.

कारकून हसून म्हणाला, “अम्मा, एका घराला एक चूल. तुमच्या दोन. तक्रार लिहा, पण पहिली चौकशी तुमची होईल.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्या घरापुरता पाइप मी पाठवतो. कागद कशाला?”

मला उठून निघता येतं. पण त्या दिवशी मी उठले नाही. मी म्हटलं, “माह्या घरी पाइप लागला. बाकीच्या घरी कोण लावते?”

“ते साहेब पाहतील.”

“साहेबांनी पाहिलंच हाये, इथं लिवलं हाये तसं.”

मास्तरांनी तक्रार तेलुगूत लिहिली. पहिलंच वाक्य मी सांगितलं ते: मी नियम मोडून दोन चुली घेतल्या, त्याची शिक्षा मला द्या. त्यापुढे घरं, नावं, कुणाचा पाइप कुठे थांबला आहे ते. दोन पावसाळे गेले. उत्तर नाही. परत लिहिलं. माझ्या चौकशीलाही कुणी आलं नाही. मला शिक्षा करायची म्हटली तरी कुणाला तरी शिडीवर चढून पाइप पाहावा लागेल, म्हणून येत नसतील.

सुजाता आता नऊ वर्षांची आहे. दमा गेलेला नाही. बाई म्हणतात, काही मुलांचा मोठेपणी कमी होतो, काहींचा राहतो, सांगता येत नाही. पण इन्हेलर कमी झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. आजारपणात शाळेचं एक वर्ष गेलं ते गेलं. मागच्या खेपेला बाईंनी परडी पुढे केली. सुजाताने एका श्वासात सातही फळांची नावं घेतली आणि वर बाईंना विचारलं, “आठवं काऊन नाही ठेवत?” बाई हसल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो विचारण्याचं काम पगार घेणाऱ्या दुसऱ्याच माणसाचं होतं.

वाचणाऱ्या आयांनो, धूर दिसेनासा झाला म्हणजे गेला असं समजू नका. तो कुठे गेला ते बाहेर उभं राहून पाहा. लेकरू म्हणालं अंथरुणावर काळं पडतं, तर त्याच्यावर हात उगारण्याआधी वर पाहा.

आणि साहेब, तुम्ही. गंगूबाईच्या नातवाच्या छातीत अजून शिट्टी वाजते. तुमची बदली झाली असेल, पण तुमची सही त्या रजिस्टरात आहे, माझ्या दोन सह्यांच्या खाली. माझ्या सह्यांचं मी लिहून दिलं. तुम्ही ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असं लिहिलंत. कोणत्या दिवशी, कुणाच्या घरी, कोणत्या शिडीवर चढून पाहिलंत, ते सांगा. शिडी मी अजून आत ठेवलेली नाही. दाराशी उभी आहे.